‘आयफोनवर शंभर रुपये जास्त का?’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

लेकीसाठी आमच्या गोष्टींच्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी तुम्ही आयफोनवर ७०० रुपयांना घेतली आणि दुसऱ्या दिवशी कळलं की बहिणीला तीच वेबसाइटवर ६०० ला मिळाली. वर बाबांच्या अँड्रॉइड फोनसाठी वेबसाइटवरची एपीके फाइलही (प्ले स्टोअरशिवाय थेट अ‍ॅप टाकायची फाइल) आम्ही काढून टाकलेली. ‘मराठीच्या नावाखाली लूट’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. शब्द लागला, पण राग कळतो.

आधी हिशोब सांगतो. आयफोनवरच्या विक्रीतून अ‍ॅपल जे कमिशन कापतं, त्याचा मूळ दर ३० टक्के. वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्यांना २०२१ पासून १५ टक्के, आणि आम्ही त्यातले. कर बाजूला ठेवला तर ७०० मधले १०५ तिकडे जातात, आमच्या हातात ५९५ पडतात. वेबसाइटवर पेमेंट गेटवेचे, म्हणजे ऑनलाइन पैसे आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीचे, दोन टक्के वजा जाऊन ६०० चे ५८८ उरतात. त्यातूनच गोष्ट सांगणाऱ्यांचं मानधन जातं. आठ मिनिटांच्या गोष्टीला अर्धी दुपार लागते, कारण खालून भंगारवाला ओरडत गेला की ते वाक्य पुन्हा घ्यावं लागतं.

मग ‘वेबसाइटवर स्वस्त आहे’ हे अ‍ॅपमध्येच का लिहिलं नाही? भारतातल्या आयफोनवर तसं लिहायला किंवा तशी लिंक द्यायला अ‍ॅपलच्या नियमाने मनाई आहे. अमेरिकेत एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर भरलेल्या खटल्यात एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने आदेश दिला, तेव्हापासून तिथल्या अ‍ॅपना बाहेरच्या पेमेंटची लिंक दाखवता येते. युरोपीय संघात २०२४ पासून आयफोनवर अ‍ॅपलखेरीज दुसरी अ‍ॅप स्टोअरही चालतात. आपल्याकडे यातलं काही नाही. कमिशनबद्दल मी फार कुरकुर करणार नाही. जागा त्यांची, भाडं द्यायला हवं. पण पलीकडच्या गल्लीत माझंच दुसरं दुकान आहे आणि तिथे माल स्वस्त आहे, हे गिऱ्हाइकाला सांगायलाही बंदी, हे मला अजिबात मान्य नाही.

अर्थात ईमेलमधून सांगायला आम्हाला कुणी अडवलं नव्हतं. खातं उघडल्यावर तुम्हाला जो स्वागताचा मेल गेला, त्यात दोन्ही भाव असायला हवे होते. ते राहिलं, ती चूक पूर्ण आमची. आजपासून त्या मेलची पहिलीच ओळ भावाची आहे.

आता एपीके. ती आम्ही हौसेने काढली नाही. साताऱ्याकडच्या एका आजोबांना आमच्याच नावाची फाइल कुणीतरी फॉरवर्ड केली होती. उघडल्यावर ती एसएमएस वाचायची परवानगी मागू लागली. गोष्टी ऐकायला एसएमएस कशाला लागतात? नशीब, त्यांनी नातवाला विचारलं. लग्नपत्रिका, आरटीओचं चलन अशा नावांनी फिरणाऱ्या एपीकेंनी लोकांची खाती रिकामी झाली आहेत. अशा दिवसांत आजीआजोबांना ‘अनोळखी अ‍ॅपला परवानगी द्या’ हे बटण दाबायला मी सांगू शकत नाही. ज्याला कळतं त्याला स्वतःच्या फोनवर हवं ते टाकता यावं, हे माझं मत कायम आहे. बाबांना अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घ्यायला सांगा. वर्गणी वेबसाइटवर भरली तरी तिथे चालते.

तुमच्या शंभर रुपयांचं असं करूया. आयफोनवरच्या खरेदीचा रिफंड अ‍ॅपलच देतं, तो आमच्या हातात नाही. पण वेबसाइटच्या भावाने महिन्याला ५० रुपये पडतात, म्हणून तुमच्या खात्यावर दोन महिने वाढवतो. खात्याचा ईमेल इथे लिहू नका, अ‍ॅपमधल्या ‘मदत’वरून कळवा. आणि वर्गणी आपोआप पुन्हा कापली जाऊ नये म्हणून मुदतीच्या किमान एक दिवस आधी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये, आपल्या नावावर टॅप करून, सबस्क्रिप्शनमधून ती रद्द करा. मग पुढच्या वर्षी त्याच खात्याने वेबसाइटवर ६०० भरा. लेकीने जमवलेल्या आवडत्या गोष्टींची यादी जशीच्या तशी राहील.