बाळंतिणीच्या अंगावर पाणी

आज सकाळी पावणेसातला समोरच्या विंगमधून अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्यावर ओरडा पडला. "अहो! बाळंतिणीच्या अंगावर पाणी काय ओतताय!" खाली दूधवाला थांबला, वॉचमनने मान वर केली, आणि मी हाफ पँटवर, हातात तांब्या, सुनेला छळणाऱ्या सासूसारखा बाल्कनीत उभा.

बाळंतीण म्हणजे कबुतर. माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत बसलंय.

हा मोगरा गेल्या जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून आणलेला. वर्षभरात एकूण चार फुलं दिली, म्हणून यंदा म्हटलं सगळं नीट करू, तर फेब्रुवारीत आठ-दहा दिवस पाणी तोडलं, पानं ओरबाडली, फांद्या छाटल्या, शेणखत घातलं, आंबट ताक पाण्यात कालवून घातलं (त्या वासावरून घरात जे झालं ते वेगळं). मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवरच येतात म्हणे, म्हणून हा सगळा छळ. आणि आली की फूट! पोपटी, लुसलुशीत, आणि पाडव्याच्या सुमारास टोकांना कळ्या. मी मोजल्या, अकरा. मग दोन दिवस गावाला काय गेलो, परत येऊन बघतो तर कुंडीत खराट्याच्या सात-आठ काड्या, केबलच्या वायरचा एक तुकडा, त्यावर दोन पांढरी अंडी, आणि लाल डोळा माझ्यावर रोखून 'काय काम आहे?' असं विचारणारी ती. याला घरटं म्हणायचं? सुगरण बघा कशी विणते, आणि ही बाई वायरवर अंडी घालून मोकळी.

बरं, पुण्यात आत्ता अडतीस डिग्री. दुपारपर्यंत कुंडी खडखडीत. म्हणून मी रोज तांब्याने कडेकडेने, धार बारीक करून पाणी सोडतो. आज हात जरा हलला.

"काकू, पंखाला दोन थेंब लागलेत फक्त."

"दोन थेंब पुरतात. अंडं गार पडलं म्हणजे? आज कितवा दिवस?"

"कशाचा?"

"थांबा, मी लिहून ठेवलंय." काकू आत गेल्या. मी खरं तर तेव्हाच पळायला हवं होतं, पण मोठ्या माणसांनी थांबा म्हटलं की थांबायची लहानपणापासूनची खोड. त्या भिंतीवरचं कालनिर्णय काढून घेऊन आल्या, बहुतेक खिळ्यासकट. "हे बघा, सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते ना, त्याच्याच खाली. आज तेरावा."

मोगऱ्याचा म्हणत असतील तर बरोबर होतं.

"अठराव्याला फुटतात. तोवर पाणी नको."

"झाड मरेल हो काकू."

"झाड काय, नर्सरीत मिळतं. जीव मिळतो का?" मी जगदीशचंद्र बोसांना मध्ये आणून बघितलं, वनस्पतींना पण जीव असतो वगैरे. काकूंनी त्यांना हाताने बाजूला सारलं. "आणि दिवसा तो बसतो, लक्ष आहे का तुमचं? नर. सकाळी नऊ-दहाला येतो, दुपार सगळी त्याची. रात्रभर ती. वाटून घेतात." मग थोडं थांबून, "तुमच्याकडे स्वयंपाक कोण करतं?"

आतून बायकोचं हसणं ऐकू आलं. वरण-भात मी लावतो, रोज लावतो, पण ही काय पंधरा फुटांवरून ओरडून सांगायची गोष्ट आहे?

मला राग कबुतराचा नाही. म्हणजे आहे, पण तितका नाही. रेलिंगवरची शी मीच खरवडतो, मास्क लावून, जुन्या कालथ्याने, कारण त्या धुळीने फुफ्फुसं बिघडतात. २०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, त्यावरून आंदोलनं, कोर्ट सगळं झालं, तेव्हा मी टीव्हीसमोर बसून हसलो होतो, काय हे लोक म्हणून. आता नाही येत हसू. पण डोक्यात जाते ती वेगळीच गोष्ट. काकू हे सगळं जाळीतून बोलत होत्या. त्यांच्या बाल्कनीला वरपासून खालपर्यंत कबुतरं येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी आहे, गेल्याच महिन्यात बसवून घेतली, ड्रिलचा आवाज माझ्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी ऐकला. म्हणजे कळवळा त्यांचा आणि बाळंतपण माझ्याकडे! हे मी त्यांना बोललो का? नाही. "बरं काकू" म्हणालो.

अकरातल्या सहा कळ्या तपकिरी होऊन गळाल्या. एक काल संध्याकाळी उमलली, नेमकी तिच्या शेपटीखाली, त्यामुळे वास घ्यायला वाकलं की टोच मिळते. मिळाली. बोटाला बँडेड आहे, हे टाईप करताना त्रास होतोय.

जाळीवाल्याला फोन केला तर तो म्हणे पिल्लं उडाल्याशिवाय लावू नका, आत अडकतात. पिल्लं उडायला महिना तरी लागतो. आणि पहिली उडायच्या आधीच ही पुढची अंडी घालते, हेही त्यानेच सांगितलं.

आत्ता जास्वंदीच्या कुंडीत बघून आलो. खराट्याची एक काडी आहे. एकच. वाऱ्याने आली असेल.