वडा खायचा की पेपर?

रात्री आठला कोल्हापूरच्या खासबागेत जावं, कढईतनं नुकताच निघालेला वडा मागावा, आणि तो हातात येतो कशात? कालच्या पेपरात! वर तळलेली मिरची, खाली निविदा सूचना. अरे, किती वेळा सांगायचं? परवा रंकाळ्यावर वडा उचलला तर बुडाला उलटी अक्षरं उमटलेली. काळी, ठसठशीत. शेजारी चार वर्षांचं पोरगं तसलाच तेलकट कागद चाटत होतं!

छपाईच्या शाईत शिशासारखी विषारी द्रव्यं असू शकतात, गरम तेलात ती खाण्यात उतरतात. २०१८च्या केंद्राच्या नियमांत पेपरात खाणं बांधायला सरळ बंदी आहे. तरी भेळेला पेपर, भज्याला पेपर, तेल टिपायलाही पेपरच!

"मामा, ताटलीत द्या की."

"काय होत नाही ओ, सगळी खात्यात."

सगळी खातात म्हणूनच तर जीव जळतोय! एवढ्या मायेनं वाटलेलं आलं-लसूण, एवढा खमंग वडा, आणि शेवटी हा घात? कोरा कागद घ्या, केळीचं पान घ्या, दोन रुपये जास्त लावा, देतो की आम्ही! काल घरनं डबा नेला, पुढं केला. त्यानं आधी आत पेपर अंथरला.