आठे ये रे!

पट्टा सोडला की कुत्र्याचे कान जातात, असं माझं ठाम मत आहे. बिस्किटाचा पुडा फुटल्याचा आवाज तीन खोल्यांपलीकडून ऐकणारं जनावर कपाशीत शिरलं की ठार बहिरं.

त्यात दोष आपलाही. आजी 'आठे ये रे' (इकडे ये रे) म्हणते, बाबा शिट्टी मारतात, पोरगं 'कम, कम, कम' करतं. आधी घरात बैठक घेऊन एक शब्द ठरवा. माझं मत 'आठे'ला. अहिराणीत तो बांधापलीकडे जाईल इतका लांबवता येतो. पण उच्चारायचा एकदाच. अकरा वेळा ओरडलात, तर अकराव्या हाकेला निघायचं असतं, एवढंच ते शिकतं.

सुरुवात ओसरीवर, तीन पावलांवरून. आलं की त्याच क्षणी हरभऱ्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, बिनमिठाचा. शेवभाजी नि भरीत स्वतःच खा. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो.

हे जमलं की अंगण, मग मोकळं शेत, दहा मीटरचा सुती दोर लावून. दोर छातीच्या पट्ट्याला बांधा, गळ्याच्या नको; धावत्या कुत्र्याला झटका बसला की मान दुखावते. हाताला गुंडाळाल तर तळव्याची सालं निघतील. मागे लोळू द्या, वेळ आली की पायाने दाबा. केळीच्या बागेत मात्र नकोच. ठिबकच्या नळ्यांत आणि खोडांत दोर असा गुंततो, की सोडवेपर्यंत घड पिकतात. फवारलेल्या कपाशीतही नको. मे महिन्यात जळगावचा पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी सातच्या आत उरका.

बहुतेकांचं गाडं अडतं ते पुढे. हाक फक्त घरी न्यायलाच मारली, तर कुणीही शहाणं कुत्रं येणार नाही. दहापैकी आठ वेळा खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. मुंगसामागे अर्धा तास हुंदडून आलं तरी रागवायचं नाही, कौतुक करायचं. (हे शिकायला माणसाला कुत्र्यापेक्षा जास्त दिवस लागतात.)

पळालं तर मागे धावू नका, त्याला ती शिवाशिवी वाटते. उलट दिशेने पळा, ते मागे येतं. फक्त गावाच्या बाजूला पळू नका. पन्नाशीचा गृहस्थ 'आठे, आठे' ओरडत पुढे आणि कुत्रं मागे, हे पाहून पारावरची मंडळी कुत्रं पिसाळलंय म्हणत काठ्या घेऊन उठतात. आणि एवढी माणसं भेटायला आली म्हणून कुत्रं खूश होऊन आधी त्यांच्याकडेच जातं.