आईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल तुम्ही लिहिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला. पंधरा-वीस मिनिटांचं म्हणून सांगितलेलं ऑपरेशन तासाभरावर गेलं. बाहेर येऊन ‘पडदा फाटला, लेन्स आज टाकली नाही’ असं सांगण्यात आलं आणि महिन्याभराने आईंना परत टेबलावर घ्यावं लागलं. आत असताना आईंनी ‘सरांना बोलवा’ हे शब्द ऐकले आणि त्या घाबरल्या. ऑपरेशन मी केलं नाही, ‘एका शिकाऊ मॅडमने’ केलं, असंही तुम्ही लिहिलं आहे. अनुभवी हात असता तर हे झालं असतं का, असा तुमचा शेवटचा प्रश्न आहे.

हॉस्पिटल माझं आहे, तेव्हा उत्तर मीच द्यायला हवं. आईंच्या फाइलमधलं काही मी इथे लिहिणार नाही, पेशंटचे कागद चारचौघांत मांडायचे नसतात. तुम्ही स्वतः जे लिहिलंय, तेवढंच धरून बोलतो.

आधी ‘पडदा’. आपल्याकडे डोळ्यातल्या कशालाही पडदाच म्हणतात, आणि मग घरचे समजतात की रेटिना, म्हणजे डोळ्याच्या मागचा चित्र उमटणारा पडदा, गेला, आता नजर संपली. या ऑपरेशनमध्ये जी फाटते ती नैसर्गिक लेन्सची मागची पिशवी, म्हणजे कॅप्सूल. समोरून गोल भोक पाडून आतला मोतीबिंदू काढायचा आणि त्याच पिशवीत नवीन लेन्स बसवायची, असं हे काम आहे. मागच्या बाजूला ही पिशवी साधारण ४ मायक्रॉन जाड असते, म्हणजे मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. ती फाटली की मागचा जेलीसारखा द्रव, व्हिट्रियस, पुढे सरकतो. रेटिना त्याच्याही मागे असतो. कॅप्सूल फाटलेल्या बहुतेक पेशंटांना पुढे चांगलं दिसतं, मात्र त्या वेळी आणि त्यानंतर काय केलं यावर बरंच ठरतं.

म्हणून त्या तासाभरात काय चालतं ते सांगतो. मायक्रोस्कोपखाली काम करताना पुढचा भाग अचानक खोल गेल्यासारखा दिसतो, किंवा इतका वेळ मोकळा फिरणारा तुकडा एका बाजूला कलतो. अशा वेळी कुणालाही वाटेल की हत्यार पटकन बाहेर काढावं. नेमकं तेच करायचं नसतं. हत्यार ओढलं की डोळ्यातला दाब एकदम पडतो, भोक वाढतं आणि व्हिट्रियस धावत पुढे येतो. उजवा हात आहे तिथेच ठेवून, डाव्या हाताने बाजूच्या छिद्रातून व्हिस्को, म्हणजे घट्ट पारदर्शक जेल, आत भरायचं. डोळा भरला की मगच हत्याराचं टोक बाहेर घ्यायचं. मग उरलेले तुकडे सावकाश काढायचे, पुढे आलेला व्हिट्रियस कटरने कापून साफ करायचा. तो पारदर्शक असतो, दिसत नाही, म्हणून ट्रायमसिनोलोन हे औषध सोडून त्याला पांढरा रंग आणायचा आणि एकही धागा जखमेत अडकला नाही याची खात्री करायची. याला वेळ लागतो, लागलाच पाहिजे. असं झाल्यावरही ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं असतं, तर मला काळजी वाटली असती.

लेन्स त्याच दिवशी का टाकली नाही, हा तुमचा राग मला समजतो. डोळ्यावर पट्टी, घरी पाहुणे बघायला आलेले, आणि लेन्सच नाही म्हटल्यावर माणसाला फसल्यासारखं वाटतं. पण नेहमीची एकसंध फोल्डेबल लेन्स पिशवीच्या आत बसवण्यासाठी बनवलेली असते. पिशवीचा आधार नसताना ती तशीच पुढे ठेवून दिली तर आयरिसच्या, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या, मागे घासत राहते, डोळा वारंवार लाल होतो, आत रक्त उतरतं, दाब वाढतो. पिशवीची पुढची कडा शाबूत असेल तर तीन भागांची लेन्स तिच्यावर टेकवता येते. तीही भरवशाची नसेल तर सूज उतरू द्यायची आणि काही आठवड्यांनी आयरिसला किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागाला धरून राहणारी लेन्स बसवायची. त्या दिवशी काहीतरी टाकून ‘लेन्स बसली’ असं घरच्यांना सांगणं सोपं असतं. त्याचा त्रास पेशंटला पुढे कित्येक वर्षं होत राहतो. दुसऱ्या ऑपरेशनचं वेगळं बिल आमच्याकडे लावत नाहीत, हा पहिल्यापासूनचा नियम आहे, म्हणून ‘पैशासाठी दोनदा केलं’ ही शंका कृपा करून मनातून काढा.

आता अनुभवाचं. तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तो प्रत्येकाने विचारावा. ब्रिटनमधल्या ५५,५६७ मोतीबिंदू ऑपरेशनांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कॅप्सूल फाटण्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या किंचित खाली होतं. अगदी नवख्या शिकाऊ डॉक्टरांच्या हातात हा धोका वरिष्ठांच्या तुलनेत तिपटीहून जास्त निघाला. तेव्हा हाताचा फरक पडतो, यात वाद नाही. पण त्याच अभ्यासात धोका वाढवणारी आणखी कारणंही दिसली: पांढरा किंवा तपकिरी झालेला मोतीबिंदू, नीट न पसरणारी बाहुली, काचबिंदू, डायबेटिसने खराब झालेला रेटिना, उताणं झोपता न येणं. प्रोस्टेटसाठी दिलं जाणारं डॉक्साझोसिन हे औषधही त्यात आहे. त्याच गटातल्या टॅमसुलोसिनच्या गोळीने आयरिस ढिली पडते आणि ऑपरेशनमध्ये फडफडते, हे २००५ मध्ये प्रथम नोंदलं गेलं. म्हणून आम्ही प्रत्येक आजोबांना ‘लघवीची गोळी चालू आहे का’ हे खोदून विचारतो. कॅप्सूल फाटण्याचा आकडा शून्यावर कुणाचाच नाही, माझाही नाही.

आणि ‘शिकाऊ’ हा शब्द आमच्या डॉक्टर मॅडमना लागू होत नाही. नेत्रशल्यचिकित्सेची पदवी घेऊन, त्यानंतर फेकोची, म्हणजे मशीनने मोतीबिंदू फोडून छोट्या छेदातून काढण्याची, फेलोशिप करून त्या स्वतंत्रपणे ऑपरेशन करतात. पुण्या-मुंबईत राहून जास्त कमावता आलं असतं, तरी त्या इकडे खान्देशात आल्या. वय कमी दिसतं आणि बाई आहेत, एवढ्यावरून त्यांचा हात कच्चा ठरवला जातो, हे मी ओपीडीत रोज ऐकतो आणि मला ते मनापासून लागतं. ‘सरांना बोलवा’ हे वाक्य तुम्हाला त्यांच्या कमजोरीचा पुरावा वाटलं. गुंतागुंत झाली की दुसऱ्या सर्जनला टेबलाशी बोलवायचंच, हा आमच्या थिएटरचा नियम आहे आणि तो मलाही लागू आहे. मी करत असेन तर मी त्यांना बोलावतो. थेंबांच्या भुलीत पेशंट जागा असतो, त्याला सगळं ऐकू येतं, आणि आई त्या क्षणी घाबरल्या याचं मला वाईट वाटतं.

सर्जनचं नाव संमतीपत्रावर सहीच्या वर छापलेलं असतं. तरी तपासणी मोठ्या डॉक्टरांनी केली म्हणजे ऑपरेशनही तेच करणार, असं माणूस धरून चालतो, हे मला कळतं. कुठल्याही हॉस्पिटलमध्ये जा, तोंडाने विचारा: ऑपरेशन कोण करणार, माझा मोतीबिंदू सोपा आहे की अवघड, काही बिघडलं तर रेटिनाचे डॉक्टर जवळ कुठे आहेत? आमच्याकडे प्रत्येक सर्जनची गुंतागुंतीची नोंद ठेवलेली असते. मागा, दाखवतो.

एक गोष्ट तुमच्या आईंबद्दल नाही, सगळ्याच खान्देशाबद्दल आहे. आमच्याकडे जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतून येणारे डोळे फार उशिरा येतात. आधी कापसाची वेचणी, मग केळीची कापणी, मग ‘आखाजी हुई जाऊ दे, मंग दखसूत’, म्हणजे अक्षय्य तृतीया होऊन जाऊ दे, मग बघू. आखाजी झाली की ऊन कडक, म्हणून हिवाळ्यापर्यंत थांबायचं. आजच्या ऑपरेशनला ऋतू लागत नाही. आणि ‘पिकू द्या’ हा सल्ला आता कालबाह्य आहे. थांबता थांबता मोतीबिंदू सुपारीसारखा कडक होतो, तो फोडायला जास्त ऊर्जा लागते. त्याने कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या पेशी मरतात, त्या परत तयार होत नाहीत. ऑपरेशननंतर आठवडा-दोन आठवडे धुरकट दिसतं ते बहुधा याच सुजेमुळे. अशा कडक मोतीबिंदूला मी स्वतः अनेकदा फेकोऐवजी मोठ्या छेदाचं बिनटाक्याचं ऑपरेशन सुचवतो. पेशंटला ते जुन्या पद्धतीचं वाटतं, पण त्या डोळ्याला तेच जास्त सुरक्षित असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रागावला असाल तरी हे वाचा. कॅप्सूल फाटून व्हिट्रियस पुढे आलेल्या डोळ्यात रेटिना सुटण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आईंना डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, काळे ठिपके किंवा जाळं अचानक वाढलं, एका बाजूने सावली सरकत आल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी दाखवा. डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर कमी झाली तरी तसंच. आमच्याकडे यायची इच्छा नसेल तर नाशिक, सुरत, जिथे सोय पडेल तिथे रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा, पण थांबू नका. बाहुली मोठी करून रेटिनाची तपासणी ठरलेल्या तारखांना झालीच पाहिजे. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कुठेही करा, पहिल्या वेळी काय झालं ते त्या सर्जनला आधी सांगा.

आईंची पूर्ण फाइल, बसवलेल्या लेन्सचं स्टिकर आणि मायक्रोस्कोपवरचं ऑपरेशनचं रेकॉर्डिंग काउंटरवर तुमच्या नावाने मागा, मिळेल. ते दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून खात्री करून घ्या. माझ्याशी बोलायचं असेल तर दुपारची ओपीडी संपल्यावर या, आईंनाही आणा. मॅडमही असतील.