पाच प्रती कशाला?

"पाच? मयत एकच आहे ना?"

खिडकीतल्या मॅडमनी हे इतक्या सहज विचारलं, की मी रेशनवर शेजाऱ्याच्या वाटणीची साखर मागतोय असं मलाच वाटलं. मागे रांगेत दहा-बारा माणसं होती. त्यातलं कोणीतरी हसलं. मग मीही हसलो, आणि चार दिवस झाले तरी मला राग येतोय तो त्या माझ्याच हसण्याचा. आपल्या बापाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोणी कोटी केली तर निदान दाद तरी देऊ नये. पण सरकारी खिडकीची उंचीच अशी असते की बोलायला वाकावं लागतं, आणि एकदा वाकलेला माणूस कशालाही हसतो.

पाचाचा हिशेब मी घरून करून गेलो होतो. बँक, पोस्ट, पेन्शनचं ऑफिस, गॅस आणि शेताच्या वारसनोंदीसाठी तलाठी. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण त्यांना दाखला पूर्वीइतकाच लागतो. प्रत्येकाला गोल शिक्का आणि सही असलेली प्रत हवी, आणि दिलेली प्रत परत येत नाही.

"एकाच्या झेरॉक्स काढा की," मॅडम म्हणाल्या.

"झेरॉक्स चालत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"मग सगळ्यांना इकडे पाठवा."

यावर काय बोलणार? अण्णा पेन्शनर. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन ते हयातीच्या दाखल्यावर सही करून येत. जिवंत असल्याचा पुरावा म्हणून त्यांची एक थरथरती सही वर्षभर पुरायची. गेल्यावर मात्र पाच ठिकाणी पाच कागद, आणि वर पाच कशाला म्हणून उलटतपासणी.

खरं तर या ऑफिसशी आमचा संबंधच नव्हता. प्राण सोडायला अण्णांनी चुकीची जागा निवडली, म्हणून तो आला. ८४ वर्षं ते गावात राहिले, घरपट्टी एप्रिलातच भरली, ग्रामसभेत नको ते प्रश्न विचारले. शेवटचे नऊ दिवस तेवढे शहरातल्या हॉस्पिटलात. पण माणूस राहिला कुठे याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही, मेला कुठे तिथली नोंद. मी आधी ग्रामपंचायतीतच गेलो होतो. तिथले भाऊसाहेब अण्णांचे विद्यार्थी. त्यांनी चहा पाजला, डोळे पुसले आणि म्हणाले, "सर आमचेच हो, पण मयत आमचे नाहीत."

तर मी खिडकीशी वाकलेला असताना खांद्यावर एक हात पडला. मागे साठीपासष्टीचे एक काका. पांढरा शर्ट, टोपी, आणि बगलेत कुठल्यातरी पतसंस्थेने सभासदांना वाटलेली रेक्झिनची पिशवी, कागदांनी टम्म फुगलेली.

"पाच कमी पडतील," ते म्हणाले. "आठ घ्या."

"आठ?"

"लग्नाच्या पत्रिका मोजून छापल्या की नेमका मामा राहतो का नाही? तसंच असतंय हे. दोन जास्तीच्या असू द्या घरात. कोण कधी मागंल सांगता येत नाही."

रांगेत चैतन्य आलं. एक बाई म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांच्या वेळी सहा पुरल्या. मागचा एक तरुण म्हणाला, विमा असेल तर एक धरा. चपलांच्या दुकानात बसल्यासारखी सगळी माझ्यासाठी आकडा शोधू लागली. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि चहा घेतला.

"मी कुणासाठी आलोय म्हाईतंय का?" काकांनी विचारलं. मी विचारलं नव्हतं. "आमचा साडू. एसटीत गेला."

"अरेरे."

"अरेरे नंतर म्हणा. आधी ऐका. पंढरपूरच्या गाडीत बसला. खिडकीची सीट. टोपी तोंडावर घेऊन झोपला. गाडी हॉटेलवर थांबली, धा मिनिटं. कंडक्टर म्हणतोय, बाबा, उतरा, चहा घ्या. बाबा कुठला उठतोय."

"मग?"

"मग कायदा!" काकांनी पिशवी थोपटली. "जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा, १९६९ चा. चालत्या वाहनात माणूस गेला तर वाहन पहिल्यांदा जिथं थांबंल, तिथं त्याची नोंद. वर्दी द्यायची वाहनवाल्यानं. पाठ आहे मला. आता सांगा, पहिला थांबा कुठला?"

"हॉटेल."

"चूक!" काका इतक्या आनंदाने ओरडले की आतल्या शिपायाने मान वर केली. "त्याच्या आधी गाडी फाट्यावर थांबली होती. दोन बाया चढल्या. आता मला सांगा, फाट्यावर साडू जिता होता का नव्हता?"

रांग विचारात पडली. मीही पडलो. आपण इथे कशासाठी आलोय हे मी साफ विसरलो होतो.

"हॉटेलच्या गावचा ग्रामसेवक म्हणतोय, तो फाट्यावरच गेला असणार, तिकडं जावा. फाट्याचा म्हणतोय, आमच्या हद्दीत मेला कशावरून? कंडक्टर म्हणतोय, फाट्यावर मी तिकिटं फाडत होतो, नाडी बघत नव्हतो. शेवटी पुरावा घावला. खिडकीतनं त्यानं फाट्यावर शेंगा घेतल्या होत्या. पुडी उघडलेली. अर्ध्या खाल्लेल्या."

"म्हणजे फाट्यावर जिवंत!" मागचा तरुण म्हणाला.

"जिता! पण हे ठरंस्तवर एकवीस दिवस उलटले. एकवीस दिवसांत नोंद झाली तर बरी, नाहीतर लेट फी, परवानगी, आणि वर्ष गेलं तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम. आता त्या हॉटेलच्या गावाला नोंद आहे त्याची. जन्मात कधी त्या गावात उतरला नव्हता. मेल्यावरबी उतरला नाही, उतरवला. आणि आता पोरांना, नातवांना, दाखला पाहिजे म्हटलं की तिकडंच जायचं."

"मग तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

काका जरा गप्प झाले. "मी व्हय? मी आलोय भावाच्या मुलीच्या जन्माच्या दाखल्याला. पण ती खिडकी साडेतीनला उघडते."

मृत्यूच्या रांगेत ते नुसतेच उभे होते. वेळ जात नव्हता म्हणून.

मला खरं तर तेव्हाच संतापायला हवं होतं, पण आधी हसूच आलं. पुढे मॅडमनी सही करणारे साहेब जेवायला गेल्याचं सांगितलं तेव्हा संतापलो. दुपारची सव्वा वाजायची वेळ होती. ते पावणेतीनला आले. म्हणजे मी साठ किलोमीटर येऊन, अर्धा दिवस रजा टाकून, ज्या माणसाला चिता देऊन महिना झालाय त्याची खात्री पटवायला बाकावर बसायचं, आणि साहेबांनी दीड तास पोळीभाजी खायची. हे लिहितानाही माझे दात आवळले जातायत. असो.

तीन वाजता प्रती मिळाल्या. पाचच्या पाच, गोल शिक्क्यासकट. पावती घेतली, मॅडमचे आभारही मानले. मग जिन्यात थांबून वाचलं.

अण्णांचं नाव विष्णू. ते मराठीचे मास्तर होते. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि अण्णा पुढच्याच वर्षी नोकरीला लागले. शेवटचं अक्षर दीर्घ, व्यक्तिनामातही दीर्घ, हे त्यांनी स्वतःपासून अंमलात आणलं आणि नावातला ऱ्हस्व 'णु' दीर्घ करून घेतला. त्यानंतर लग्नपत्रिकेपासून आधार कार्डापर्यंत सगळीकडे तो दीर्घ. इंग्रजीत मात्र साधा एक यू. त्या ऊकारावरून त्यांनी किती पोरांच्या हातावर पट्टी मारली असेल देव जाणे. मीही खाल्लीय.

दाखल्यावर मराठीत 'विष्णु' होतं, ऱ्हस्व. आणि त्याची भरपाई म्हणून की काय, इंग्रजीत शेवटी डबल ओ.

हॉस्पिटलातला तो फॉर्म मला आठवला. सकाळी सहा वाजता एका पोराने माझ्याकडून भरून घेतला होता. मयताला व्यसनं कोणती? धूम्रपान? तंबाखू? दारू? सुपारी? असेल तर किती वर्षं? हो, खरंच विचारतात. जेवणानंतर सुपारीचं एक खांड, एवढंच त्यांचं व्यसन. मी "सुपारी, पन्नास वर्षं" सांगितलं आणि त्याने बिनचूक लिहून घेतलं. म्हणजे सरकारदरबारी अण्णांची सुपारी बरोबर आहे. नाव तेवढं चुकलंय.

परत खिडकीशी आलो. वाकलो.

"मॅडम, नावात चूक आहे."

त्यांनी एक प्रत घेतली, पाहिली. "उच्चारात काय फरक पडतो?"

"मराठीत नाही पडत. इंग्रजीत बँक अडवेल."

त्यांनी बाकीच्या चारही ओढून घेतल्या, पत्ते पिसावेत तशा एकेक उलटून पाहिल्या. पाचही प्रतींत तीच चूक, त्याच जागी.

"दुरुस्तीचा अर्ज करा, आधार जोडा, प्रतिज्ञापत्र जोडा," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघा. म्हणून विचारत होते, पाच कशाला?"

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मला अजूनही म्हणता येत नाही.

साडेतीन झाले होते. काका आपल्या खिडकीशी पोचले होते आणि पुढच्या माणसाला शेंगांच्या पुडीपर्यंत घेऊन आले होते. दुरुस्तीचा छापील अर्ज ऑफिसात नसतो, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. रस्ता ओलांडून गेलो.

"किती देऊ?" त्याने विचारलं.