सोफा उचलला, सेक्रेटरी राहिले!

आज दुपारी कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी ‘हॅलो फ्रेंड्स’ची क्लिप टाकली आणि खाली हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग लागली. आठवतेय ना? १९९९, झी टीव्ही. सायरस ब्रोचा, निखिल चिनप्पा, सिमोन सिंग. अमेरिकेतली ‘फ्रेंड्स’ मालिका समोर ठेवून हिंदीत उतरवून काढलेली. सहा मित्र, कॅफे, सोफा, त्याच जोड्या, तेच विनोद. फार टिकली नाही.

सगळे हसले. माझं मात्र डोकं फिरलं. चोरीचं मला काही नाही. पण चोरी करताना इतकं आंधळं व्हायचं?

त्याच सुमारास आम्ही चौघी पार्ल्यात वन रूम किचनमध्ये भाड्याने राहत होतो. चौघी नोकरीवाल्या, चौघी बिनलग्नाच्या, म्हणजे सोसायटीच्या दृष्टीने चार संशयित. एका रूममेटचं ऑफिसातल्या एकाशी जमलेलं. एका रविवारी तो तिची विसरलेली पर्स द्यायला वर आला आणि जिन्यात नेमके सेक्रेटरीकाका. “हे कोण?” आमच्यातली एक पटकन म्हणाली, “पंखा बघायला आलेत.” काका म्हणाले, “वा! मग आमचाही बघा.” अकाउंट्समधला तो गरीब पोरगा मग काकांकडे स्टुलावर चढून अर्धा तास पंखा खोलत होता. खाली काकूंनी चहा टाकलेला.

आता सांगा, यात काय कमी आहे? प्रेम आहे, मैत्री आहे, खोटं बोलणं आहे, पकडले जाण्याची भीती आहे. आणि दुसऱ्या देशाकडून काही आणायची गरज नाही! पण आमच्या टीव्हीवाल्यांना हे दिसलं नाही. त्यांना दिसला सोफा.

मुंबईत कुठल्या कॅफेत तासन् तास सोफा अडवून बसू देत होते तेव्हा? आमच्या उडप्याकडे दोन चहांवर वीस मिनिटं झाली की वेटर बिल आणि बडीशेप ठेवून तिथेच उभा राहायचा. “और कुछ?” ब्रेकअपसुद्धा त्याच्या वेळापत्रकाने उरकावं लागे. ‘फ्रेंड्स’मध्ये कुणीही कुणाच्याही घरात दार ढकलून घुसतो. आमच्याकडे सख्खा भाऊ आला तरी वॉचमनच्या वहीत नाव, वेळ, सही. आणि ‘हॅलो फ्रेंड्स’मधल्या मुलांना घर द्यायला एजंटने नाही म्हटलं नाही, डिपॉझिटसाठी कुणी बापाकडे हात पसरले नाहीत, अकरा महिने भरले म्हणून कुणी गाद्या बांधल्या नाहीत. मग ती मुंबईत राहत तरी कशाला होती?

मान्य, मूळ ‘फ्रेंड्स’ही काही आभाळातून पडलेली नाही. तिच्या आदल्याच वर्षी, १९९३ साली, ‘लिव्हिंग सिंगल’ सुरू झाली होती. ब्रुकलिनमधले सहा कृष्णवर्णीय मित्रमैत्रिणी, त्यांची घरं, त्यांची लफडी. तिचं नाव आज कुणाच्या तोंडी नाही, आणि पुढच्या वर्षी आलेल्या गोऱ्या सहा जणांनी जग जिंकलं. तो अन्याय वेगळाच, त्यावर पुन्हा कधीतरी.

आणि “नक्कल वाईटच” हे मला ऐकवू नका. पुलंनी बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ नाटक घेतलं आणि ‘ती फुलराणी’ दिली. भक्ती बर्वेंची मंजुळा बघताना लंडनची आठवण कुणाला येते? टीव्हीवरचंच हवं तर ‘जबान संभालके’ घ्या. मालिका मुळात इंग्रजांची, पण वर्गात आपल्याकडचे नाना प्रांतांतले लोक बसवले आणि पंकज कपूरला हिंदी शिकवायला उभं केलं. झालं ना आपलं? तिथे कुणीतरी बसून विचार केला होता. इथे नुसती झेरॉक्स.

‘दिल दोस्ती दुनियादारी’ला पण लोक ‘मराठी फ्रेंड्स’ म्हणत होते, २०१५ साली. म्हणोत. अमेय वाघचा कैवल्य किंवा सखी गोखलेची रेश्मा मला कुणाची तरी कॉपी वाटली नाही. लग्न करून मुंबईत आलेली आणि मग परक्या पोरांच्या घरात राहणारी मुलगी ही आपली गोष्ट आहे. सोसायटीवाल्यांचा जाच अजून हवा होता, पण ते असो.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या क्लिपमधले चेहरे किती कोवळे आहेत! एमटीव्हीवर यातलीच काही पोरं स्वतःच्या भाषेत बडबडायची तेव्हा आम्ही खिळून बसायचो. त्यांच्यात गंमत होती, कुणी वापरली नाही. शिव्या त्यांना का?

आमच्या त्या जोडीचं पुढे काही झालं नाही. तिचं नाशिकला लग्न झालं, दुसऱ्याशी. तो नंतर कधी वर आला नाही. सेक्रेटरीकाका मात्र मला लिफ्टपाशी गाठून विचारत राहिले, “तो पंखेवाला हल्ली येत नाही का गं? चांगला मुलगा होता.” त्यांना सगळं ठाऊक होतं, का त्यांचा पंखा खरंच बिघडला होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

पण फार हळवं व्हायचंही कारण नाही. गेल्या महिन्यात माझी भाची पुण्यात बाणेरला फ्लॅट शोधत होती. चांगला पगार, चांगली कंपनी. सोसायटीने आईवडिलांचं पत्र मागितलं! सत्तावीस वर्षांच्या मुलीकडे! आणि ओटीटीवर बघावं तर अजूनही मोकळ्या विटांची भिंत, खिडकीत दिव्यांच्या माळा आणि भाड्याची चिंता नसलेले सहा जण. अरे, एक तरी एपिसोड त्या पत्रावर काढा!

आणि कमेंटमध्ये ‘फ्रेंड्स’मधली जोडी रॉस-रेचेल ब्रेकवर होते की नव्हते हा वाद कृपया सुरू करू नका. नव्हते.