रंग चढवला, फळ कच्चंच

आज पुन्हा तेच. आंबा हातात घेतला तेव्हा पिवळाधमक, देठापासून टोकापर्यंत हिरवा ठिपका नाही. सुरी घातली तर कोयीलगतचा गर पांढरट, कडक आणि आंबटढाण. आई आजारातून नुकती उठतेय, तोंडाला चव यावी म्हणून मुद्दाम आणलेला. तिने एक फोड खाल्ली आणि काही न बोलता ताटली बाजूला सरकवली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा आंबा कार्बाइडनेच पिकवला होता का? घरात बसून ते सिद्ध करायची सोय नाही, आणि नेमकी हीच चीड आहे. ज्याने पेटीत कार्बाइडची पुडी ठेवली त्याला सगळं ठाऊक, आणि जो खाणार त्याने नुसता अंदाज करत बसायचं!

कॅल्शियम कार्बाइड म्हणजे वेल्डिंगसाठी गॅस तयार करायचे करडे खडे. ते अन्नाजवळ येतातच कसे? कागदाच्या पुडीत बांधून पेटीत सारतात, फळांचा ओलावा लागला की त्यातून ॲसिटिलीन सुटतो आणि मागे विरलेल्या चुन्याची भुकटी उरते. फळ स्वतः पिकताना एथिलीन सोडतं, त्याची ही भ्रष्ट नक्कल. सालीला रंग येतो. पण फळ झाडावर पुरतं भरायच्या आधीच तोडलेलं असेल तर आत गोडी येणार कुठून?

आणि हे खडे काही शुद्ध नसतात. त्यांत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात. ओलाव्याने त्या फॉस्फरसपासून फॉस्फिन हा विषारी वायू होतो, ओल्या कार्बाइडला लसणासारखा वास येतो तो मुख्यतः त्यामुळेच. आर्सेनिक वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. एका फळाने कोणी मरत नाही हो, कबूल. पण फळं आवर्जून कुणाला खाऊ घालतो आपण? लहान मुलांना, गरोदर बाईला, आजाऱ्याला. म्हणजे ज्यांना जपायचं त्यांच्याच पुढ्यात हे.

पुड्या बांधणाऱ्या माणसाचं तर कुणी नावच काढत नाही. घामेजलेल्या हाताला ही भुकटी लागली की कातडी भाजते, डोळ्यात गेली तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. बंद गोदामात ॲसिटिलीन साठला तर एक ठिणगी पुरते.

मग शहाणे सांगतात, ‘धुऊन खा, साल काढून खा.’ अरे, धुतोच की! धुतल्याने वरची भुकटी कमी होईल, कच्चा तोडलेला आंबा गोड होईल का? आणि दुसऱ्याने घातलेलं विष निपटायची जबाबदारी माझ्यावर का?

दुसरीकडे ‘गॅसवर पिकवलेलं सगळंच विष’ म्हणून ओरडणारेही तेवढेच डोक्यात जातात. एथिलीन फळाचाच वायू आहे. नीट भरलेली केळी बंद खोलीत ठेवून, हवेच्या दहा लाख भागांत 100-150 भाग एथिलीन सुमारे 24 तास दिलं, तापमान आणि ओलावा सांभाळला, साचणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढला, की पुढच्या काही दिवसांत ती रीतसर पिकतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण त्याला खोली लागते, लक्ष लागतं, चार दिवस कळ काढावी लागते. पुडीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून पुडी. आणि दोन्हींना एकच नाव देऊन बोंब मारली की फायदा त्या पुडीवाल्याचाच होतो, कारण मग नीट पिकवणाराही त्याच्याच रांगेत उभा राहतो.

उरलेला आंबा मी टाकून दिला. आईला उकडलेला बटाटा कुस्करून दिला, तो तिने खाल्ला.